कोठीचं खालचं तोंड

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं, आणि तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ स्वेटरवाल्यांच्या ताडपत्र्या लागल्या. आपण त्यांना सरसकट नेपाळी म्हणून मोकळे होतो. पण त्यातले बरेच तिबेटी असतात, आणि काही तर आपल्याच गोंदिया जिल्ह्यातले, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावाजवळचे. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली, आणि १९७२ पासून तिथल्याच प्रतापगडाजवळ (साताऱ्याचा नव्हे) त्यांची वसाहत आहे. त्यांचे स्वेटर मात्र बहुतेक लुधियानाचे असतात, तेव्हा हातानं विणलेला म्हणून चार पैसे जास्त देऊ नका. हातानं विणणाऱ्या आपल्या आत्या-मावश्याच आता उरल्या नाहीत. त्यांनी मोबाइल घेतला आणि सुया ठेवल्या त्या ठेवल्याच. असो.

आजचा विषय आहे अर्जांचा ढीग. परक्या देशात आश्रय द्या, राहायची परवानगी द्या, असे अर्ज जगभर पडून आहेत. किती? अमेरिकेत स्थलांतराचे खटले चालवणाऱ्या न्यायालयांत २०२३ संपताना ३० लाखांच्या वर प्रकरणं पडून होती. आकडा मोठा आहे, पण आकड्याचं सोडा. ढीग कुठून उचलतात, ते विचारा.

आपल्या घरी पत्र्याची कोठी असते. वरून ओततो, खालच्या तोंडातून काढतो. का, ते तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेच्या आश्रय-कचेऱ्यांनी २०१८ च्या जानेवारीत उलटं केलं. शेवटी आलेला अर्ज आधी घ्यायचा. त्यामागे हिशेब होता. अर्ज पडून राहिला की सहा महिन्यांनी कामाचा परवाना मिळतो, म्हणून काही लोक नुसत्या परवान्यासाठी अर्ज करतात. नव्याचा निकाल झटपट लावला तर असे लोक येणार नाहीत. बरं. पण तळातल्याचं काय? चार-चार वर्षं थांबलेला माणूस तळाशीच राहिला. वरून ओतलं, वरूनच काढलं, तळच्या धान्याला सोंडे लागले. म्हणून पुन्हा सांगतो, ढीग कुठून उचलतात ते विचारा.

दुसरी गंमत इंग्लंडची. जून २०२३ मध्ये तिथं पहिल्या निकालाची वाट पाहणारे १ लाख ७५ हजार लोक होते. सरकारनं माणसं लावली, निकाल काढले. २०२४ संपताना आकडा १ लाख २५ हजारांवर आला. शाब्बास! पण नकार मिळालेले अपिलात गेले, आणि तिथं ४० हजारांच्या वर प्रकरणं साचली. या खोलीतला ढीग त्या खोलीत. आपल्याकडे घरी पाहुणे यायचे असले की आपणही हेच करतो.

आणि आपल्या वर्धा-अमरावतीची पोरं अमेरिकेत संगणकाच्या नोकरीला आहेत, त्यांना विचारा. नोकरीवरून कायम राहायचे परवाने वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि एका देशाला साधारण सात टक्के, हा १९९० चा कायदा. लहानशा देशाला सात आणि भारतालाही सातच. म्हणून २०२५ मध्ये आपल्याकडच्या उच्चशिक्षितांच्या रांगेत २०१३ च्या आसपासच्या अर्जांचा नंबर चालला होता. तोवर पोरगं एकवीस वर्षांचं झालं की बापाच्या अर्जातून बाहेर पडतं.

भारताचं वेगळंच. १९५१ च्या निर्वासित-करारावर आपली सही नाही, आश्रयाचा वेगळा कायदा नाही. तिबेटी माणूस कागदावर परदेशी. त्याच्याकडे नोंदणीचं एक पुस्तक असतं, ते मुदत संपली की नवं करून घ्यायचं. आता एका पुस्तकाची गोष्ट सांगतो. खरं तर तेवढ्यासाठीच मी आज आलो.

पंचवीसेक वर्षं झाली. मी तेव्हा एका कचेरीबाहेर कडुलिंबाखाली टाइपरायटर घेऊन अर्ज लिहायला बसायचो. कचेरी कोणती ते सांगत नाही. (त्या टाइपरायटरचा सर्व्हर कधी डाऊन झाला नाही, एवढं मात्र सांगतो.) एक तिबेटी काकाजी आले. साठीचे. आमच्या बसस्टँडजवळ दर हिवाळ्यात ताडपत्री टाकायचे. बोली अस्सल आपली.

"बाबू, एक अर्ज लिवून दे जी. सातवा."

"सातवा कसा, काकाजी?"

तर असं होतं. पुस्तक नवं करायला गेले, तर त्या खिडकीवर म्हणाले, हिवाळ्यात चार महिने इथं राहता, तर इथला रहिवासी दाखला आणा. दाखल्याच्या खिडकीवर म्हणाले, चालू मुदतीचं पुस्तक दाखवा. पुस्तकाला दाखला, दाखल्याला पुस्तक. दोन्ही खिडक्या एकाच व्हरांड्यात, मधे फक्त पाण्याचा माठ.

मी त्यांच्यासोबत आत गेलो. दाखल्याच्या खिडकीवरचा बाबू तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, "काकाजी, इथं राहता याचा काहीतरी लेखी पुरावा पाहिजे ना."

काकाजींनी पिशवीतून लाल कापडी बांधणीची वही काढली. उधारीची. वीस हिवाळ्यांची! बाबूनं उघडली, तर सगळी तिबेटी अक्षरं. आकडे तेवढे आपले.

"हे कोण वाचणार?"

"मी वाचतो जी," म्हणाले, आणि उभ्यानं वाचायला लागले. पोस्टाजवळचे गुरुजी, खाकी स्वेटर, बाकी पंचवीस. पानठेल्यावाला, लेकीची शाल, बाकी साठ. दवाखान्यातली नर्सबाई, दोन कानटोप्या, बाकी बारा. व्हरांड्यातली माणसं दारात गोळा झाली. ज्याच्या त्याच्या घरची उधारी निघायला लागली. एक जण मागच्या मागे सटकला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग काकाजी थांबले. बाबूकडं पाहून म्हणाले, "हे पान नाही वाचत."

बाबू म्हणाला, "वाचा ना."

"राहू दे जी."

"वाचा म्हणतो ना!"

"मास्तर, जाड भिंगाचा चष्मा. राखाडी स्वेटर. बाकी चाळीस." आणि हळूच म्हणाले, "तुझे बाबूजी. पुढच्या हिवाळ्यात मी आलो तवा ते नव्हते."

कचेरीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. बाबूनं खिसा चाचपला, दहा-दहाच्या चार नोटा काढून टेबलावर ठेवल्या. काकाजींनी पेन मागितलं. ते सुतळीनं टेबलाला बांधलेलं होतं, म्हणून वही तिकडं नेऊन त्या नावावर काट मारली. मला वाटलं, झालं काम.

बाबू डोळे पुसून म्हणाला, "काकाजी, पण वही पुराव्यात चालत नाही. चालू पुस्तक आणा."

हसू नका. त्याचंही बरोबर होतं. त्याच्यापुढच्या छापील यादीत उधारीची वही नव्हती. त्यानं मात्र एक केलं. उठला, माठाच्या पलीकडच्या खिडकीवर स्वतः गेला, आणि दोन्ही अर्ज एकाच फायलीत बांधायला लावले. दोन खिडक्या पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या. फाईल जिल्ह्याला गेली.

पुस्तक हातात आलं तेव्हा मे महिना होता. ताडपत्री केव्हाच उठलेली, काकाजी खास तेवढ्यासाठी एसटीनं आले. घामानं भिजलेले. कडुलिंबाखाली बसून त्यांनी पुस्तक उघडलं, बोटानं तारीख शोधली. मुदत जुनं पुस्तक संपलं त्या दिवसापासून धरलेली. एका वर्षातले सात महिने आधीच खर्च झाले होते.

बराच वेळ ते तारखेकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "बाबू, कागद आहे का? पुढचा आताच लिवून ठेव जी."