घेवूं काय रावूं?

श्रोतेहो, नमस्कार.

फोंड्याच्या बाजारात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. चोवीस वर्षं मी तिथे बसतो. प्रवेशांचे दिवस आले की एकच प्रश्न रोज दुकानाची पायरी चढतो, ''बाब, घेवूं काय रावूं?'' संगणक आत्ता घ्यावा, की थोडं थांबून नवं मॉडेल आल्यावर घ्यावा? दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, मागे दुसरं वाट पाहत असतं, उत्तर घाईघाईत द्यावं लागतं. आज इथे निवांत वेळ मिळालाय, तर नीट सांगतो.

मागच्या पावसाळ्यात वाळपईहून एक गृहस्थ आले. छत्री दाराबाहेर टेकवून ठेवली आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. त्यावर मुलीच्या अक्षरात तीन लॅपटॉपांची नावं होती. तिला फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. मी किमती सांगितल्या. ते म्हणाले, चवथीला सेल लागतो, तेव्हा बघू. चवथ झाली, माटोळी उतरली, गणपती गेले. गृहस्थ पुन्हा आले, तोच कागद घेऊन. आता शेजारच्या मुलाने सांगितलं होतं की दिवाळीला आणखी उतरेल. आणि कोणीतरी असंही सांगितलं होतं की जानेवारीत नवे प्रोसेसर, म्हणजे संगणकाचे मेंदू, येतात, तेव्हा आत्ताचे कोणी विचारणार नाही.

मी विचारलं, ''तोवर मुलगी अभ्यास कशावर करते?''

''मोबायलार.''

त्यांना वाटलं हे साधं उत्तर आहे. मला त्याचा अर्थ माहीत होता. पहिल्या सत्रातल्या प्रोग्रॅमिंगमध्ये जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो, जागोजागी महिरपी कंस लागतात. मोबाइलच्या कळफलकावर त्या एकेका खुणेसाठी पान बदलायचं, खूण शोधायची, पुन्हा अक्षरांच्या पानावर यायचं. वीस ओळींच्या प्रोग्रॅमला पाऊण तास. एक कंस सुटला की पुन्हा पहिल्यापासून शोध. ज्या मुलीला हा विषय आवडायला हवा, तिला तो नकोसा होत होता. त्या बापाला सेलमध्ये दोन-तीन हजार वाचले असते, हे मी नाकारत नाही. पण ते हजार मोजताना मुलीचे ते तीन महिने त्यांनी कुठेच मांडले नव्हते. हिशेब चुकतो तो तिथे.

थांबायची ही सवय आपल्याला लागली कशी, तेही समजून घ्यायला हवं, कारण एके काळी ती खरीच शहाणपणाची होती. पुढे इंटेल कंपनी काढणाऱ्यांपैकी एक असलेल्या गॉर्डन मूर यांनी १९६५ साली लिहून ठेवलं होतं की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल; पुढे १९७५ साली त्यांनीच तो काळ दोन वर्षांवर आणला. त्याचा परिणाम आमच्यासारख्यांनी डोळ्यांनी पाहिला. १९९३ साली इंटेलचा पहिला पेंटियम प्रोसेसर आला तेव्हा त्याचा वेग ६० मेगाहर्ट्झ होता. मार्च २००० मध्ये १००० मेगाहर्ट्झचे प्रोसेसर आले. सात वर्षांत सोळा पटींहून जास्त. त्या काळी घेतलेलं यंत्र तीन वर्षांत म्हातारं व्हायचं आणि शेजाऱ्याने सहा महिने थांबून घेतलेलं यंत्र खरोखरच सरस निघायचं. पण पुढच्या पंचवीस वर्षांत तो वेग १००० वरून जेमतेम पाच-सहा हजारांवर गेला. चिप तापते, त्यामुळे नुसता वेग वाढवत नेता येत नाही, म्हणून एका चिपमध्ये अनेक गाभे, म्हणजे काम वाटून घेणारे अनेक प्रोसेसर, घालायला सुरुवात झाली. सुधारणा आजही होते, पण पत्र लिहिणाऱ्याला, हिशेब ठेवणाऱ्याला, वर्गाचा अभ्यास करणाऱ्याला यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या यंत्रातला फरक हाताला जाणवत नाही. काळ बदलला, आपली सवय मात्र नव्वदच्या दशकातलीच राहिली.

वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकांची एक जुनी गोष्ट आहे. ॲडम ऑस्बोर्न नावाचे एक उद्योजक होते. त्यांच्या बालपणाचा बराच काळ तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेला आणि २००३ साली ते वारले तेही तमिळनाडूतच, कोडाईकनालला. १९८१ साली त्यांनी ऑस्बोर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. किंमत १७९५ डॉलर, वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंचांचा. तो भरपूर खपला. मग १९८३ मध्ये पुढच्या, सरस मॉडेलची चर्चा ते हाती येण्याआधीच सुरू झाली. लोकांनी जुनं घेणं थांबवलं, विक्रेत्यांनी मागण्या रद्द केल्या आणि त्याच सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. कंपनी बुडण्याचं ते एकच कारण नव्हतं असं अभ्यासक सांगतात, तरी व्यापारात या प्रकाराला आजही 'ऑस्बोर्न परिणाम' म्हणतात. सगळे त्यात कंपनीचं नुकसान पाहतात. मला आठवतात ती थांबलेली माणसं. त्यांची कामंही तेवढे महिने थांबलीच असतील ना!

आणि थांबलं की स्वस्तच मिळतं, हेही खरं नाही. २०११ साली दुकानासाठी दहा हार्ड डिस्क घ्यायच्या होत्या. दिवाळी होऊ दे, भाव उतरतील, असं म्हणून मी थांबलो. त्याच ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा तिथल्या कारखान्यांत बनत होता, ते कारखाने पाण्याखाली गेले. दिवाळीनंतर त्याच डिस्कना मी जवळजवळ दुप्पट मोजले. २०२५ च्या अखेरीस मेमरीचं, म्हणजे रॅमचं, तसंच झालं. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांना इतकी मेमरी लागू लागली की आपल्यासाठी लागणाऱ्या रॅमचे भाव चढले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरात जाहीर करून टाकलं की घरगुती गिऱ्हाइकांना विकण्याचा आपला 'क्रुशियल' हा ब्रँड आपण गुंडाळतोय. उद्या भाव कुठे जाईल हे सांगणारा ज्योतिषी फोंड्याच्या बाजारात मला अजून भेटलेला नाही.

तर मग कधीच थांबू नये का? थांबावं, पण हातात ठोस बातमी असेल तेव्हा. ॲपलने जून २०२० मध्ये जाहीर केलं की आपण इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःच्या चिपवर जाणार, आणि त्याच नोव्हेंबरात एम१ चिपचे मॅक आले. ते पाच महिने जे थांबले त्यांचं भलं झालं. इंटेलच्या जुन्या मॅकना २०२५ च्या टाहो या आवृत्तीनंतर नवी प्रणाली मिळणार नाही. असा बदल दहा-पंधरा वर्षांत एखादा होतो आणि त्याची घोषणा उघड झालेली असते. ''काहीतरी नवं येतंय म्हणे'' ही बातमी नव्हे. अमेरिकेत लास वेगासला दर जानेवारीत मोठं प्रदर्शन भरतं, तिथे दर वर्षी नवं काही तरी येतंच, आणि ते आपल्या पणजी-मडगावच्या दुकानांत पोचायला पुढे काही महिने जातात. त्याची वाट पाहायची म्हटली तर कुठल्याच वर्षी खरेदी होणार नाही.

थांबायचं दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. ते म्हणजे घरात आहे तेच यंत्र अजून चालण्याजोगं असणं.

डिचोलीकडचे एक नाटकवाले आहेत. जत्रेत देवळासमोरच्या मांडवात जी हौशी मराठी नाटकं होतात, त्यांच्या संहिता ते बसवतात, टाइप करतात, नटांना प्रती काढून देतात. ते नवा लॅपटॉप घ्यायला आले होते, जुना काखेत घेऊन. ''चालू करून मी आंघोळ करून येतो, तरी उघडलेला नसतो,'' म्हणाले. मी म्हटलं, आधी खोलून पाहू. मागचे दहा-बारा स्क्रू काढले. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर घोंगडीसारखा घट्ट बसलेला, बोटाने उचलला तर अख्खाच्या अख्खा हातात आला. त्याला उदबत्तीचा वास. लॅपटॉप देवघराच्या शेजारी ठेवत होते, हे त्यांनी न सांगता कळलं. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळून खडू झालेली. आणि आत ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क, सगळ्या मंदपणाचं मूळ. मी ती काढून एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, घातली, रॅमची एक पट्टी वाढवली, पेस्ट नवी लावली. तो प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. यंत्र वीस सेकंदांत उघडलं. नव्याच्या किमतीपुढे खर्च अगदी थोडा झाला. नाटकवाल्यांना नवा लॅपटॉप विकला असता तर माझा फायदा जास्त होता, पण त्यांच्या कामाला तो लागत नव्हता.

घ्यायचंच ठरलं, तर 'नवं' हा शब्द जरा तपासून घ्या. डब्यावर नवं नाव असलं तरी आतला प्रोसेसर नवा असेलच असं नाही. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर घ्या. नावात सात हजारांचा आकडा आहे, बाजारात आला २०२२ मध्ये, पण आतली रचना २०१९ ची, झेन-२ नावाची. त्या मालिकेत तिसरा अंक बघायचा: दोन असेल तर झेन-२, चार असेल तर झेन-४. म्हणजे गेल्या वर्षीचं चांगलं मॉडेल यंदाच्या नवीन स्टिकरवाल्यापेक्षा सरस असू शकतं. बाकी माझा आग्रह एवढाच की एसएसडी असावी, रॅम जमलं तर १६ जीबी असावी, आणि ती बोर्डावर जोडून टाकलेली आहे की पुढे वाढवता येते हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावं. एआयच्या स्टिकरसाठी जास्तीचे पैसे मोजू नका; ज्याला ते काम रोज आहे त्याला त्याची गरज माहीत असते.

आपल्या हवेबद्दल बोललं नाही तर गोव्यातला दुरुस्तीवाला कसला! जुलैत माझ्याकडे येणारी निम्मी यंत्रं बिघडलेली नसतात, बंद ठेवलेली असतात. कपाटात, पिशवीत, दोन-दोन महिने. उघडून बघावं तर जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवं किटण, पडद्याच्या कडेला बुरशी. कळंगूट-मिरामारच्या बाजूला समुद्राची खारट हवा त्यात भर घालते. रोज तासभर चालणारं यंत्र आपल्याच उबेने कोरडं राहतं. त्यामुळे 'कोर्स सुरू होईल तेव्हा लागेल' म्हणून एप्रिलात घेऊन ठेवू नका. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा हा वेगळाच जाच. गडगडायला लागलं की इंटरनेटची तार आणि चार्जर दोन्ही भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डेस्कटॉप घेणार असाल तर यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढा आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या. ज्या गावात पावसात वीज सारखी जाते, तिथल्या विद्यार्थ्याला मी लॅपटॉपच सुचवतो.

वाळपईच्या त्या गृहस्थांना मी एवढं सगळं काही सांगितलं नाही. मुलीच्या यादीतलं दुसरं नाव त्यांच्या ऐपतीत बसत होतं, मेमरी पुढे वाढवता येणारी होती. तेवढं दाखवलं आणि म्हटलं, ''काका, दिवाळीला हे दोन हजारांनी उतरलं तर वाईट वाटून घेऊ नका.'' त्यांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलं, मग पैसे मोजले. बाहेर पाऊस कोसळत होता. खोक्याला मी दोन प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या, तोंडं दोऱ्याने बांधली. कदंबच्या बसमध्ये ते खोकं मांडीवरच घेऊन बसले असणार.

रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मला वाटलं, चालू होत नसेल. म्हणाले, ''सुरू जालो. पूण हांगा लायट ना. ती बॅटरीर करीत बसल्या.''