ओठ जागा होईपर्यंत

इथे बसलेल्या बहुतेकांची मुलं पाच ते दहा वर्षांची आहेत. किडलेली दुधाची दाढ काढून मुलाला घरी न्यायची वेळ तुमच्यापैकी काही जणांवर येणारच आहे. दाढ काढायला मला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पुढची संध्याकाळ तुमची असते, आणि आज मी त्या संध्याकाळीविषयी बोलणार आहे.

दवाखाना सुरू करून मला फार दिवस झाले नव्हते. सहा वर्षांच्या एका मुलाची खालची दाढ काढली. काम छान झालं, पोरगं रडलंही नाही. ‘कापूस दाबून धरा, थंड काहीतरी द्या’ एवढं सांगून मी पुढच्या पेशंटकडे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याला घेऊन दारात उभी. खालचा ओठ टम्म सुजलेला, आतून सोललेला, वर पांढरा थर. तिला वाटलं, पू झाला. दाढेची जखम बघितली तर अगदी स्वच्छ. भूल उतरायच्या आत पोराने स्वतःचाच ओठ चघळला होता, आधी रिक्षात आणि मग टीव्हीपुढे बसून. दुखतच नव्हतं, मग तो थांबणार कशाला? पुढचा आठवडाभर त्याला जेवताना त्रास झाला तो त्या ओठाचा. चूक आईची नव्हती, माझी होती. मी तिला सांगितलंच नव्हतं.

खालच्या दाढेसाठी भूल देतो तेव्हा त्या बाजूचा ओठ आणि जीभही बधिर होते. हे दोन-तीन तास टिकतं, कधी चार. मोठ्या माणसाला कळतं की ही भूल आहे. लहान मुलाला मात्र वाटतं, आपल्या तोंडात भलतंच काहीतरी आलंय. ‘माझा ओठ मोठा झाला’ असं मुलं सांगतात, आणि तो मोठा ओठ चाचपायला दात लागतात. म्हणून मी आता मुलाच्या हातात आरसा देते. ‘बघ, ओठ तेवढाच आहे. तो झोपलाय. जागा होईपर्यंत त्याला चावायचं नाही.’ घरीही हेच करा. ओठ जागा होईपर्यंत मुलाच्या शेजारी नको, समोर बसा, म्हणजे तोंड दिसेल. गोष्ट सांगा, पत्ते खेळा. मोबाइल हातात देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. तोवर चावून खायचं काही देऊ नका. घोटभर गार पाणी चालेल. फक्त जागेपुरती भूल द्यायची असेल, तर येतानाच मुलाला नीट जेवू घालून आणा, म्हणजे हे तास भुकेने जड जात नाहीत. पूर्ण भूल देणार असतील तर मात्र उपाशी ठेवण्याचे नियम वेगळे असतात, ते डॉक्टर सांगतील तसेच पाळायचे.

रक्ताला घाबरू नका. लाळेत थेंबभर मिसळलं तरी भांडंभर वाटतं. गॉझचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायचा, ‘थांबलं का?’ म्हणून दर दोन मिनिटांनी काढून बघायचा नाही. खळग्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. ती सुटू नये म्हणून पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. लाळ गिळली तरी बिघडत नाही.

औषधाचं जरा नीट ऐका, इथे घोटाळे होतात. पॅरासिटामॉलचं सिरप दुकानात वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एका बाटलीत 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम, तर दुसरीत 250. म्हणजे ‘एक चमचा द्या’ या सांगण्याला अर्थच उरत नाही. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. डॉक्टरांकडून ती मिलीमध्ये लिहून घ्या, बाटलीवरची ताकद तपासा आणि सोबतच्या मापानेच मोजा. पहिला डोस भूल पूर्ण उतरायच्या थोडा आधी. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही.

आजीचा जीव तुटतो, हे मला कळतं. पण त्या खळग्यात लवंगेचं तेल, हळद, तुरटी काही भरू नका. आणि मिश्री तर नाहीच; तो भाजलेला तंबाखू आहे. आजीला करायचंच असेल, तर तिने मऊ गुरगुट्या भात करावा, वर तूप, कोमट करून. दही, केळं, नाचणीचं गार सत्त्व, सगळं चालतं. चिवडा, चकली, शेंगदाणे दोन-तीन दिवस डब्यात राहू द्या. रात्री बाकीचे दात घासायचे, जखमेची जागा सोडून. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ.

दोन-तीन दिवसांनी खळग्यात पांढरट-पिवळट थर दिसेल. बहुतेक वेळा ती भरत आलेली जखम असते, तो थर खरवडू नका. पण पुन्हा अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप चढत असेल, दुखणं दिवसागणिक वाढत असेल, तर लगेच फोन करा. आणि सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

एक प्रश्न मूल हमखास विचारतं, ‘नवीन दात कधी येणार?’ ‘आठ दिवसांत’ असं सांगून मोकळे होऊ नका. पुढचे दात सहा-सात वर्षांना बदलतात, पण दुधाच्या दाढांच्या जागी नवे दात दहा ते बाराच्या सुमाराला येतात. सहा वर्षांच्या मुलाला चार ते सहा वर्षं थांबायचंय. तोवर शेजारचे दात त्या फटीत कलतात, म्हणून बऱ्याचदा स्पेस मेंटेनर नावाची तारेची छोटी कडी बसवावी लागते. जखम भरली की तेवढ्यासाठी पुन्हा दाखवायला या. काढलेला दात मी कागदाच्या पुडीत देते. कुणाकडे तो कौलावर टाकतात, कुणाकडे उंदराच्या बिळाशी ठेवतात. एका मुलीने तो कंपासपेटीत ठेवला होता. पुढच्या वेळी आली तेव्हा पेटी उघडून तिने तो मला दाखवला.