बारा व्होल्ट वाटेत कुठे सांडले?

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. गाडी सेल्फ घेत नव्हती. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’, पुढे शांतता. मी शिकाऊ, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर मोटर उतरवून नवी चढवली. तरी ‘टक्’च. वस्तादांनी मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसला टेकवला, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि म्हणाले, “मार सेल्फ.” मीटरवर नऊ व्होल्ट! तिथे जेमतेम शून्य पॉइंट दोन दिसायला हवे होते. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची, म्हणजे करंटच्या बॅटरीकडे परतीच्या वाटेची, पट्टी बोल्टखाली गंजून गेली होती. खरवडून आवळली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काढून टाकलेले दोन्ही पार्ट ठणठणीत होते.

ती मोजणी म्हणजे व्होल्टेज ड्रॉप: करंट वाहत असताना वाटेत किती व्होल्ट खर्ची पडले ते. आज मी तिच्यावरच जास्त बोलणार आहे.

नवशिका काय करतो? बल्ब पेटत नाही म्हणून होल्डर काढतो, मीटर लावतो, १२ व्होल्ट दिसतात, आणि “सप्लाय तर आहे” म्हणून मोकळा होतो. पण डिजिटल मीटरचा आतला रोध (रेझिस्टन्स) साधारण एक कोटी ओहम. तो सर्किटमधून जेमतेम मायक्रोअँपिअरभर करंट ओढतो. वायरची एकच तार शाबूत असली तरी त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसणार. ब्रेकच्या २१ वॅटच्या बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात. म्हणून बल्ब जोडलेलाच ठेवा, स्विच चालू ठेवा, आणि मग मोजा.

कुणी विचारेल, सरळ ओहमवर का मोजू नये? कारण हिशोब पाहा. सेल्फला १५० अँपिअर लागतात असं धरा. वाटेत एक शतांश ओहमचा रोध असला तरी दीड व्होल्ट तिथेच गेले. आणि साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त भरतो, मग तो शतांश दिसणार कसा? ओहमचा १८२७ सालचा नियम आपण शाळेत पाठ करतो. गॅरेजमध्ये त्याचा खरा उपयोग हा. भरपूर करंट वाहू द्या, म्हणजे बारीक रोधही व्होल्टच्या रूपात उघडा पडतो.

अर्थकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. मागच्या दिव्यांचा एक गमतीशीर प्रकार सांगतो. ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो. मालकाला वाटतं, कुठेतरी शॉर्ट झालंय. शॉर्ट वगैरे काही नसतं. त्या सगळ्या बल्बांचा अर्थ एकच असतो आणि तोच तुटलेला असतो. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसऱ्या वाटेने अर्थ गाठतो. दोन बल्ब एकामागे एक जोडले गेले, म्हणून दोन्ही मंद. मला हा दोष मनापासून आवडतो. करंट कसा फिरतो हे तो डोळ्यांनी दाखवतो.

बॅटरीचे आकडे पटकन सांगतो. विश्रांतीनंतर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे आकडा खाली-वर झाला तर लगेच अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, दोष देऊ नका.

उभी गाडी बॅटरी पीत असेल तर घाई करू नका. गाडी बंद केल्यावर आतली मॉड्यूल्स, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, झोपायला वेळ घेतात, कधी अर्धा तासही. नंतर ५० मिलीअँपिअरच्या आत करंट राहिला तर सहसा ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर ५० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत संपली म्हणून समजा. फ्यूज एकेक उपटत बसलात तर एखादं मॉड्यूल पुन्हा जागं होतं. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलीव्होल्ट मोजा. करंट वाहतोय तिथे थोडा तरी ड्रॉप दिसतोच. आणि हो, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही खुपसायचा नाही.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. समजा, पी ०११३ असा कोड आला: आत येणाऱ्या हवेच्या तापमान सेन्सरचं सर्किट ‘हाय’. लोक लगेच सेन्सर मागवतात. कोड सर्किटबद्दल बोलतोय, सेन्सरबद्दल नाही. कॉम्प्युटर आतल्या रोधातून त्या वायरवर ५ व्होल्ट देतो. वायर तुटली की ते पाचच्या पाच राहतात, आणि तो समजतो बाहेर उणे ४० अंश थंडी आहे. सेन्सर दोन वायरींचा असेल तर कनेक्टर काढून वायरींकडच्या त्याच दोन टोकांत जंपर (जोडवायरीचा तुकडा) लावा आणि स्कॅनरवर तापमान बघा. आकडा एकदम वरच्या टोकाला गेला तर वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक, मग कनेक्टरच्या पिना बघून सेन्सर बदला. उणे ४०च राहिला तर वायर चाचपा. कनेक्टरच्या मागे, वाकते तिथे, हलकेच ओढून पाहा. आतलं तांबं तुटलेलं असेल तर ती वायर रबरासारखी ताणली जाते.