पंप पाठीवर, शर्ट अंगावर

(दृश्य : विदर्भातलं कापसाचं शेत. सकाळचं ऊन. फुटलेली बोंडं.)

दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, पांढरी होते. पहिल्या वेच्याआधी शेतात सीतादही होते. पऱ्हाटीची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, आणि मग बाया कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात. कापूस तेवढा मऊ असतो.

पण सेंद्रिय कापसाच्या शर्टाची गोष्ट याच्याही आधी सुरू होते, फवारणीपासून.

(दृश्य : रिकामा फवारणी पंप, शेताच्या बांधावर.)

२०१७ चा पावसाळा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. नोझल उंच धरून मारलेलं औषध परत तोंडावर यायचं. हो, गावात त्याला अजूनही ‘औषध’च म्हणतात. २००२ मध्ये बीटी, म्हणजे अळीला मारक असा जनुक घातलेला कापूस आला तेव्हा बोंडअळीपासून सुटका होईल, असं वाटलं होतं. गुलाबी बोंडअळीने तेही पचवलं.

म्हणून आधीच सांगतो, सेंद्रिय कपड्याचा पहिला फायदा तो घालणाऱ्याला नाही, पाठीवर पंप घेणाऱ्याला होतो.

(दृश्य : पिंपात काठीने ढवळला जाणारा दशपर्णी अर्क.)

सेंद्रिय कापसात बीटी बियाणं चालत नाही, रासायनिक खत नाही, विषारी फवारणी नाही. मग अळीचं काय? निंबोळी अर्क, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे. मधे तुरीच्या ओळी, कडेने चवळी. चवळीवर मावा येतो, माव्यामागे ढालकिडे (लेडीबर्ड) येतात आणि तेच पुढे कापसावरचा मावाही खातात. दशपर्णीचा वास मात्र कॅमेऱ्यात येत नाही, ते बरंच आहे.

हे फुकट होत नाही. सुरुवातीला उतारा घटतो. प्रमाणपत्र मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर माल साध्या कापसाच्याच भावात विकावा लागतो. तुम्ही दुकानात जास्त मोजता, त्यातलं काही या माणसापर्यंत पोचलं तरच त्याला अर्थ.

(दृश्य : कापड दुकान. कॉलरच्या आतलं लेबल.)

आता तुमच्या अंगाचं. सेंद्रिय कापड जात्याच मऊ असतं, हे खरं नाही. मऊपणा तंतूच्या लांबीवर आणि विणीवर ठरतो. शेतातलं बरंचसं कीटकनाशकही कापड धुताना, उकळताना निघून जातं. त्वचेला त्रास होतो तो बहुधा रंगाचा, नाहीतर सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेल्या रसायनांचा. तेव्हा नुसत्या ‘ऑरगॅनिक कॉटन’ या शब्दांवर जाऊ नका. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या मानकात कापूस सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि पुढे रंगाईपर्यंतची प्रक्रियाही तपासली जाते. ‘ऑरगॅनिक’ म्हणायला किमान ९५ टक्के तंतू सेंद्रिय लागतात, आणि त्याखालच्या दर्जाला ७० टक्के.

तिथेही लबाडी होतेच. भारतातल्या सुमारे २० हजार टन कापसाची प्रमाणपत्रं बनावट असल्याचं २०२० मध्ये खुद्द जीओटीएसनेच उघड केलं.

(दृश्य : लेबल जवळून. त्यावरचा छोटा क्रमांक.)

खऱ्या लेबलवर परवाना क्रमांक असतो. दुकानात उभ्या उभ्या तो मोबाइलवर, जीओटीएसच्या संकेतस्थळावर टाकून बघा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.