पातळी बदलली, हे कळते कसे?

पावसाळ्यात मुंबईकर ज्या आकड्यांची रोज वाट पाहतात, ते अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतील पाणीसाठ्याचे असतात. डेटाबेसमधल्या, म्हणजे संगणकातील माहितीच्या साठ्यातल्या, एका तक्त्यात या तलावांच्या पातळीच्या नोंदी दर काही मिनिटांनी लिहिल्या जात आहेत, असे समजू या. भातसाची पातळी खरोखर बदलली की जुनाच आकडा पुन्हा लिहिला गेला, हे ओळखायचे कसे?

ठरावीक अंतराने तक्ता वाचत राहिले, तर दोन वाचनांच्या मध्ये चढून पुन्हा उतरलेली पातळी निसटून जाते. ट्रिगर, म्हणजे तक्त्यात बदल होताच आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, मात्र डेटाबेसमध्येच राहतो. बदल एखाद्या प्रोग्रॅमने केलेला असो वा कोणी हाताने केलेला, त्याच क्षणी तो चालतो.

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीमध्ये ओळ बदलताना ट्रिगरला तिचे जुने आणि नवे, म्हणजे 'ओल्ड' आणि 'न्यू', असे दोन्ही रूप मिळते. तुलना सोपी वाटते, पण आमच्या मते सर्वांत फसवी जागा हीच आहे. सेन्सर बंद पडून पातळीच्या जागी 'नल', म्हणजे 'मूल्य माहीत नाही' अशी खूण, आले, तर नेहमीच्या 'बरोबर नाही' या चिन्हाने केलेल्या तुलनेचे उत्तरही 'नल'च येते, अट पूर्ण होत नाही, आणि इशाऱ्याची खरी गरज असतानाच काहीही नोंदले जात नाही. म्हणून तेथे 'नल'लाही वेगळे मूल्य धरून तुलना करणारे 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' वापरावे.

ट्रिगरमधूनच एसएमएस पाठवण्याचा मोह टाळायला हवा. ट्रिगर मूळ ट्रॅन्झॅक्शनच्या, म्हणजे एक तर पूर्ण होणाऱ्या नाही तर पूर्णपणे रद्द होणाऱ्या व्यवहाराच्या, आत चालतो, त्यामुळे एसएमएसची सेवा रेंगाळली की नोंदही अडकून पडते. आणि ट्रॅन्झॅक्शन रद्द झाले तर नोंद मागे घेतली जाते, गेलेला एसएमएस मात्र परत येत नाही. त्याऐवजी ट्रिगरने बदलाची एक ओळ वेगळ्या तक्त्यात लिहावी आणि 'नोटिफाय' या आज्ञेने ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला सूचना द्यावी. ती सूचना ट्रॅन्झॅक्शन कमिट, म्हणजे कायम, झाल्यावरच बाहेर पडते.

सूचना ऐकून एसएमएस पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची डेटाबेसशी जोडणी त्या वेळी तुटलेली असेल, तर सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वेगळ्या तक्त्यातील ओळ मात्र शिल्लक राहते. पुन्हा जोडणी होताच त्या प्रोग्रॅमने आधी 'लिसन', म्हणजे सूचना ऐकण्याची आज्ञा, सुरू करून ते कमिट करावे आणि मगच राहिलेल्या ओळी वाचाव्यात. हा क्रम उलटला, तर वाचन संपल्यावर आणि ऐकणे सुरू होण्यापूर्वी झालेल्या बदलाची सूचना त्याला मिळत नाही.