सहा लाख श्लोकांचे राखणदार

मंडळी, बोंडुले दिसतात कसे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं डोळ्यांपुढं उभं राहील. खारीपेक्षा मोठे, मुंगसापेक्षा बुटके, दोन पायांवर चालणारे. अंगभर दाट लव, कापसाचं बोंड उकललं की जशी रुई फुगून वर येते तशी. म्हणून नाव बोंडुले; ते आमच्या चौथीतल्या एका मुलीनं ठेवलं. पावसाळ्यात त्यांचा रंग ओल्या मातीचा, उन्हाळ्यात वाळल्या कुसळाचा. कान मोठे आणि पातळ, मागून ऊन आलं तर आतल्या शिरा मोजता याव्यात असे. राहायला आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंगाच्या जंगलात. मी आणि माझ्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं, आम्ही मिळून हे लोक गेली नऊ वर्षं कल्पनेतून घडवतोय. वर्ग पुढं जातो, नवीन पोरं येतात, बोंडुले तेच राहतात.

पहिल्या वर्षी मी चुकलो होतो. मी फळ्यावर जे जंगल काढलं त्यात बारमाही झरा होता, हिरवळ होती, कुत्र्याच्या छत्रीएवढाली घरं होती. मुलं बघत बसली. मग मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "गुरुजी, उन्हाळ्यात ते पाणी कुठं पितेत?" टँकरच्या गावचं पोर ते. मार्चपासून घागरी घेऊन रांगेत उभं राहणारं. त्याच्यापुढं मी झरा काढून ठेवला होता! मी फळा पुसला.

रामलिंगाचं अभयारण्य तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. साधारण बावीस चौरस किलोमीटर. देवळाजवळचा धबधबा श्रावणात बघावा. शिमग्याला त्याच कातळावर माकडं ऊन खात बसलेली असतात. साग, धावडा, पळस, बोरी, सीताफळी. होळीपर्यंत बहुतेक झाडांची पानं गळतात आणि चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही मनात आलं तर. या जंगलातले लोक घडवायचे तर ते इथल्या कोरडेपणातून यायला हवेत. त्यांचे सण, त्यांची भांडणं, त्यांचं लाजणं, सगळं पाण्यापासून सुरू व्हायला हवं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक गोष्टीला त्या पोराचा प्रश्न विचारतो.

पाणवठ्यावर बिबट्या येतो, गावची कुत्री येतात, म्हणून बोंडुले पाणवठ्यावर जात नाहीत. ते दव पितात. त्यांची लव त्यासाठीच आहे. कार्तिकापासून माघापर्यंत पहाटे ते जंगलाच्या कडेला उघड्या गवतात जाऊन बसतात, अंग फुलवून, अजिबात न हलता. उजाडायच्या आत एकेका केसावर थेंब धरतो. मग एकानं दुसऱ्याला विंचरायचं. फणी साळिंदराच्या काट्यांची, वाकाच्या दोरीनं बांधलेली. विंचरताना खाली पळसाच्या पानाचा द्रोण धरायचा आणि मानेपासून शेपटीकडं, सावकाश. घाई केली तर थेंब उडतो. स्वतःचं दव स्वतःला विंचरता येत नाही, पाठीपर्यंत हात पोचत नाही. ही एक गोष्ट सापडली आणि मुलांनी तिच्यातून आख्खा समाज बाहेर काढला.

त्यांच्यात भांडण झालं तर कोणी ओरडत नाही, विंचरणं थांबतं. सोयरीक जुळवायची तर मुलीकडचे मुलाला विंचरायला बसवतात आणि किती थेंब सांडले ते बघतात. म्हाताऱ्यांची लव विरळ होते, दव धरत नाही, तरी त्यांना रोज विंचरायला बसवायचंच, द्रोण कोरडा राहिला तरी. हे शेवटचं एका मुलानं लिहिलं तेव्हा मी वही खाली ठेवली आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. आणि मोजणी! आपल्याकडं खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. बोंडुले पहिल्या थेंबाला 'लाभ' म्हणतात. बोंडुल्यांनी हे आपल्याकडून घेतलं की आपण त्यांच्याकडून, यावर वर्गात दोन तट आहेत.

त्यांचं खाणंपिणं झटकन सांगतो. दिवाळीच्या अलीकडं सीताफळं, संक्रांतीला बोरं, मग चिंचा, उन्हाळ्यात उंबरं. ते विस्तव वापरत नाहीत, त्यामुळं शिजवलेलं काही नाही.

विस्तव का नाही, इथं मला थांबायचंय. त्यासाठी पैठणला जावं लागेल.

गुणाढ्याची कथा आपल्या मातीतली आहे, पण आपल्याकडं ती फारशी सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागरात ती लिहून ठेवली. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य मंत्री होता. राजाला संस्कृत शिकायचं होतं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्यानं पैज घेतली: तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. हरला, आणि शब्दाला जागून रानात निघून गेला. तिथं पिशाचांची भाषा शिकला, पैशाची, आणि तिच्यात सात लाख श्लोकांची कथा लिहिली. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. ती राजाकडं धाडली तर राजानं भाषा ऐकूनच झिडकारली. मग गुणाढ्यानं टेकडीवर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला रानातले पशुपक्षी गोळा झाले. त्यांनी चरणं सोडलं, डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसले. इकडं राजाच्या मुदपाकखान्यात वाळकं मांस येऊ लागलं, राजा आजारी पडला, शोध घेत रानात आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एक लाखाची ती बृहत्कथा. पुढं तीही मूळ रूपात हरवली.

मी ही गोष्ट पाचवीला सांगितली. सांगून झाल्यावर वर्ग गप्प होता. मग एक मुलगी म्हणाली, "पण ऐकलेलं जळत नसतं की, गुरुजी."

मंडळी, त्या क्षणी बोंडुल्यांना त्यांचं काम मिळालं. त्या कुंडाभोवती ऐकायला बसलेल्यांत बोंडुले होते. राजाला एक लाख मिळाले, बोंडुल्यांच्या कानात सहा लाख राहिले. त्यांचं प्रत्येक घर थोडे श्लोक सांभाळतं. अमुक घराकडं समुद्राची कथा, अमुक घराकडं चोराच्या बायकोची. आई पोराला विंचरता विंचरता पाठ करून घेते, फणीचा एक फेरा म्हणजे एक ओळ. म्हणून विस्तव त्यांना वर्ज्य: तो कथा खातो.

मग भाषा आलीच. पैशाचीचे थोडे नियम वररुचीच्या नावानं चालत आलेल्या प्राकृत व्याकरणात सापडतात. शब्दाच्या आत ग असेल तर क होतो, घ चा ख, ज चा च. गगन म्हणजे गकन, मेघ म्हणजे मेख, राजा म्हणजे राचा. पहिलं अक्षर मात्र तसंच राहतं. नियम एवढाच, पण आठवडाभरात पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. नदीची नती झाली, आभाळाचं आफाळ, माघाचा माख, वाघाचा वाख. व्याकरणाला कंटाळणारी मुलं एकमेकांना अडवायला लागली, "गवताचा ग बदलत नाही रे, तो पहिला हाय!"

एक नियम आम्ही आमच्या पदरचा घातला. बोंडुले ऐकणाऱ्यांचे वंशज. म्हणून त्यांच्या बोलण्यात प्रत्येक वाक्याला शेपटी लागते: हे ऐकलं की पाहिलं? ऐकलेल्याला 'म्हनं'. पाहिलेल्याला 'दिस'. 'वाख आला म्हनं', 'वाख आला दिस'. शेपटीशिवाय वाक्य म्हणजे लव नसलेला बोंडुला, उघडानागडा. जगातल्या कित्येक खऱ्या भाषांत अशी सोय असते, आणि आपल्या 'तो आला म्हणे' मधलं 'म्हणे' दुसरं काय आहे?

तिसरी शेपटी नंतर आली. एका मुलीची आजी किल्लारीकडची. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. हजारो माणसं गेली त्या पहाटेची गोष्ट आपल्याकडं घरोघर आहे, मी काय सांगावी. मुलीनं आजीला विचारलं, भूकंप तू ऐकलास की पाहिलास? आजी म्हणाली, "ऐकला बी न्हाई, पाहिला बी न्हाई. पायाला कळला, माय." दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, बोंडुल्यांच्या दोन शेपट्या पुरत नाहीत. तिसरी झाली 'थर', पायाला कळलेल्याची. ही शेपटी लावली की समोरच्यानं पुढं प्रश्न विचारायचा नाही, अशी रीत पडली. मी ती सुचवली नाही. ती मुलांनी आपण होऊन पाळायला सुरुवात केली.

आता दुखरी गोष्ट. सहा लाख श्लोक एका येडशीत मावत नाहीत. काही घरं गौताळ्याला आहेत, काही पाटोद्याजवळ नायगावच्या मोरांच्या रानात, काही किनवट-माहूरला. मराठवाड्याचा नकाशा घेऊन आम्ही हिरवे ठिपके रंगवले. किती थोडे ठिपके, आणि एकमेकांपासून किती लांब! लातूर जिल्ह्यात तर जंगल एक टक्काही नाही. तिथं पोरांना रंगवायला जागा सापडेना. मधे सगळं उघडं शिवार, सोयाबीन, ऊस, रस्ते. कथेचा तुकडा इथं, पुढचा तुकडा तिथं, आणि जोडणारा कोणी नाही. ओढ्याकाठच्या झाडीतून जाता आलं असतं, पण बऱ्याच ओढ्यांची झाडी आपण बांधापर्यंत साफ केलीय. मुलांनी ठरवलं, बोंडुल्यांची कथा दीडशे वर्षांपासून तुटलेली आहे.

आणि डिसेंबर 2024 मध्ये रामलिंगाच्या जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेला. तुम्हाला ते दिवस आठवत असतील. जनावरं मारली गेली, लोक रात्री पाणी द्यायला जाईनात, आणि ती भीती खरी होती; ज्याची गाय गेली त्याला मी बोंडुल्यांची गोष्ट सांगणार नाही. पण माझ्या वर्गात वेगळंच चाललं होतं. टिपेश्वरहून येडशी, म्हणजे वाटेत किनवट-माहूरकडचं रान लागलं असणार. मुलांचं म्हणणं, वाख रिकामा आला नाही. तो तिकडच्या घरांचे श्लोक ऐकून आला. गुणाढ्यापुढं तोही बसला होताच की! एका मुलानं त्यावर आठ पानं लिहिली. रात्री वाघ कातळावर बसलाय, खाली बोंडुल्यांची पोरं थरथरत बसलीत, आणि वाघ जड आवाजात, अडखळत, पाठ केलेलं म्हणून दाखवतोय. भीतीनं कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण एक म्हातारी उठते आणि फणी घेऊन त्याच्या मानेपाशी जाते.

त्याच महिन्याच्या 30 तारखेला येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, होती. आपला केवढा सण! शेतात कडब्याची कोप, आत पाच दगडांचे पांडव, भज्जी, आंबील, सगळं गाव रानात. अंधार पडताना कडब्याची पेंढी पेटवायची, तो हेंडगा, आणि तो घेऊन शिवाराभोवती पळायचं. मी लहानपणापासून पळत आलोय. बोंडुल्यांच्या बाजूनं ती रात्र कशी दिसत असेल, हा विचार मला पन्नाशीपर्यंत शिवला नव्हता. जंगलाच्या कडेनं विस्तवाच्या माळा पळताहेत, आणि आत एकेका घरात घाईघाईनं पाठांतर चाललंय, जळायच्या आत सगळं एकदा म्हणून घ्यावं म्हणून.

त्या संध्याकाळी मी एका विद्यार्थिनीच्या शेतावर जेवायला होतो. त्यांचं रान जंगलाला लागून आहे. तिच्या वडिलांनी हेंडगा पेटवला तेव्हा ती त्यांच्या आडवी झाली. म्हणाली, "अप्पा, त्या अंगाला नका जाऊ." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही. हातातली पेंढी धडधड जळत होती, ठिणग्या गळत होत्या. "का गं?" तिनं जंगलाकडं बोट केलं आणि हळू आवाजात सांगितलं, "ते म्हणायलेत. थर."

अप्पा क्षणभर थांबले, आणि रस्त्याकडच्या तीन बांधांवरून पळून परत आले.