ढालीची धास्ती

(दृश्य: पाषाण परिसर, सकाळची वर्दळ, तारेचं कुंपण घातलेली लांब भिंत)

पाषाण-सुतारवाडीकडे गेलं की एक लांबच लांब भिंत लागते. जुने पुणेकर तिच्या आतल्या संस्थेला अजूनही ‘ईआरडीएल’च म्हणतात. आजचं नाव उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा. क्षेपणास्त्रांचं घन इंधन हा इथला एक मुख्य विषय.

अमोनियम परक्लोरेटचे बारीक कण, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि दोघांना धरून ठेवणारा रबरी पदार्थ. सगळं मळून दाट लगदा करायचा, तो नळकांड्यात ओतायचा आणि मंद आचेवर दिवसच्या दिवस घट्ट होऊ द्यायचा. मग क्ष-किरणांनी तपासणी. आत बारीकशी भेग राहिली तरी ज्वाळेला जास्त पृष्ठभाग मिळतो, दाब भलताच चढतो आणि अख्खी मोटर, म्हणजे इंधन भरलेलं नळकांडं, फुटते. म्हणून हे काम घाईचं नाही. वर्षानुवर्षं ते निगुतीनं करणारी माणसं या शहरात राहतात, याचा अभिमान वाटतो.

याच पाषाणमध्ये ‘एआरडीई’ या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेनं पिनाक रॉकेट प्रणाली घडवली. ती मारा करते. नदीपलीकडे दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेनं आकाश क्षेपणास्त्राचे प्रक्षेपक तयार केले. आकाश शत्रूची विमानं आणि ड्रोन पाडतं. एक तलवार, दुसरी ढाल. तलवारीची भीती वाटणं समजतं. पण ढालीनं कुणाचं काय बिघडतं?

(दृश्य: 1967, अमेरिकेतल्या ग्लासबरो गावातली जुनी छायाचित्रं)

हाच प्रश्न 1967 च्या जूनमध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांना पडला होता. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा त्यांना सांगत होते, तुम्ही मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रविरोधी कवच उभं केलंत, तर ते भेदण्यासाठी आम्हाला आणखी अण्वस्त्रं करावी लागतील. कोसिगिन संतापले. आपल्या माणसांचं रक्षण करण्यात गैर काय?

त्यांचा संताप खरा होता, आणि मॅकनमारांचं गणितही खरं होतं. दोघांकडेही एकमेकांना बेचिराख करण्याची ताकद होती, म्हणून दोघेही हात आवरून होते. एकाला कवच मिळालं की दुसऱ्याला वाटणार, हा आता बिनधास्त पहिला घाव घालेल. पाच वर्षांनी, 26 मे 1972 रोजी, निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी मॉस्कोत करार केला. प्रत्येकाला कवचासाठी दोनच ठिकाणं. 1974 मध्ये तीही एकावर आली. सोव्हिएत संघानं मॉस्को राखलं. अमेरिकेनं नॉर्थ डकोटातला तळ उभारला आणि 1976 मध्ये बंदही करून टाकला.

बंद करण्यामागे तंत्राची अडचण होतीच, ती आजही सुटलेली नाही. आंतरखंडीय क्षेपणास्त्र अर्ध्या तासात पोहोचतं. त्यातला बराच काळ ते वातावरणाबाहेर असतं, आणि तिथं हवा नाही. त्यामुळे अणुबाँब आणि त्याच्यासोबत सोडलेला पोकळ फुगा एकाच वेगानं पुढे जातात. खालच्या रडारनं खरं-खोटं ओळखायचं कसं? फुगा स्वस्त, तो टिपायला पाठवलेलं क्षेपणास्त्र महाग. हल्ला करणाऱ्याचं पारडं इथंच जड होतं.

तरी ढालीचा मोह सुटत नाही. 1983 मध्ये रेगन यांनी अवकाशातल्या कवचाची घोषणा केली. जून 2002 मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. कारण सांगितलं गेलं ते उत्तर कोरिया, इराण यांसारख्या देशांचं. रशियाला ते कधीच पटलं नाही. 1 मार्च 2018 रोजी पुतिन यांनी कवच चुकवून जाणारी नवी अस्त्रं जगाला दाखवली आणि त्यांचा संबंध थेट त्या माघारीशी जोडला.

चीनचंही तेच. 2017 मध्ये दक्षिण कोरियात ‘थाड’ ही अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी प्रणाली आली, उत्तर कोरियाला रोखण्यासाठी. बीजिंगचा आक्षेप मुख्यतः तिच्या रडारवर होता, कारण ते आपल्या हद्दीत डोकावतं असं त्यांचं म्हणणं. त्या तळाला जमीन देणाऱ्या लोट्टे कंपनीची चीनमधली दुकानं धडाधड बंद पडली.

(दृश्य: ओडिशाचा किनारा, चाचणीचं चित्रण)

आता आपल्याकडे या. 27 नोव्हेंबर 2006 रोजी भारतानं समोरून येणारं पृथ्वी क्षेपणास्त्र जवळपास 50 किलोमीटर उंचीवर टिपलं. मोजक्या देशांना जमलेली गोष्ट. जानेवारी 2017 मध्ये पाकिस्ताननं ‘अबाबील’ची चाचणी केली. एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रं नेता येतात, असा त्यांचा दावा. कारणही त्यांनी उघड सांगितलं: या भागात वाढत असलेली क्षेपणास्त्रविरोधी कवचं. 11 मार्च 2024 रोजी भारतानं अनेक अण्वस्त्रं नेऊ शकणाऱ्या अग्नी-5 ची चाचणी केली. आपली नजर बीजिंगवर, इस्लामाबादची नजर आपल्यावर, आणि बीजिंगची वॉशिंग्टनवर. एकानं चाल केली की तिघांना उत्तर द्यावं लागतं.

याचा अर्थ कवच नको, असा मी काढत नाही. मे 2025 मध्ये सीमेवरच्या गावांवर ड्रोन येत होते, तेव्हा आकाश आणि रशियाकडून घेतलेली एस-400 ही हवाई संरक्षण प्रणाली यांनी माणसं वाचवली. ड्रोन पाडणारी ढाल हवीच, आणि ती आणखी हवी. अण्वस्त्रं रोखण्याची हमी देणारी ढाल मात्र वेगळी गोष्ट आहे. पाकिस्तानातून सुटलेलं क्षेपणास्त्र पुण्याच्या अंतरावर आठ-दहा मिनिटांत येतं. एवढ्या वेळात एकही निसटणार नाही, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

भारत-पाकिस्तानमध्ये 2005 चा एक करार आहे. बॅलिस्टिक, म्हणजे उंच झेपावून खाली कोसळणाऱ्या, क्षेपणास्त्राची चाचणी करण्याआधी किमान तीन दिवस एकमेकांना कळवायचं. तणाव कितीही वाढला तरी तो टिकला आहे. पण त्यात विमानासारखी उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रं नाहीत, आणि कवचाच्या चाचण्याही नाहीत. चीनशी तर आपला असा करारच नाही. पाकिस्तानशी असलेला करार वाढवणं आणि चीनशी तसा करार करणं, दिल्लीनं पहिली बोलणी या दोन गोष्टींवर काढावीत. त्यासाठी कुणाला आपलं एकही क्षेपणास्त्र कमी करावं लागणार नाही.